ईव्ही होनची काच

१९४० च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या ईटन कॉलेजच्या आवारात जर्मन बॉम्ब पडले आणि तिथल्या पंधराव्या शतकातल्या चॅपेलच्या जवळजवळ सगळ्या काचा उडाल्या. वेदीमागची पूर्वेची खिडकी तर प्रचंड, सुमारे ९०० चौरस फुटांची. युद्ध संपल्यावर ती नव्याने भरायचे काम मिळाले ते डब्लिनजवळच्या राथफार्नममध्ये राहणाऱ्या एका आयरिश बाईला. १९४९ मध्ये ती पंचावन्न वर्षांची होती. लहानपणच्या पोलिओमुळे तिचे चालणे कष्टाचे होते आणि काचेच्या कामाला तिने हात घातला तोच मुळी चाळिशीच्या उंबरठ्यावर. तिचे नाव ईव्ही होन.

होन घराणे अँग्लो-आयरिश प्रोटेस्टंट उच्चभ्रूंपैकी. जमिनी, बँका, न्यायालये आणि राज्यकारभार यांवर पिढ्यान्‌पिढ्या मांड ठोकून बसलेला हा वर्ग. ईव्हीचे वडील माल्टचे व्यापारी आणि बँक ऑफ आयर्लंडचे संचालक. लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापकांपैकी एक असलेला अठराव्या शतकातला चित्रकार नॅथॅनिएल होन हा याच कुळातला. २२ एप्रिल १८९४ ला ईव्ही जन्मली. आई लवकरच गेली. अकराव्या वर्षी पोलिओ झाला आणि पुढची कितीतरी वर्षे उपचारांत गेली. पैशाची ददात नव्हती. घरी बसून जलरंगात फुले रंगवत तिने आयुष्य काढले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते.

तिने लंडन गाठले. चित्रकार वॉल्टर सिकर्टच्या हाताखाली शिकताना तिला मेनी जेलेट भेटली. तीही डब्लिनचीच, तशाच घरातली. दोघी पॅरिसला गेल्या. आधी चित्रकार आंद्रे लोतकडे शिकल्या आणि १९२१ मध्ये क्युबिस्ट चित्रकार आल्बेर ग्लेझच्या दारात उभ्या राहिल्या. ग्लेझला शिष्य नको होते, पण या दोघींनी हट्टच धरला. मग पुढची दहाएक वर्षे त्या वरचेवर त्याच्याकडे जात राहिल्या. चित्रातला आकार जागेवरून सरकवायचा, मग स्वतःभोवती फिरवायचा आणि त्यातून रंगाच्या सपाट पट्ट्यांची लय बांधायची, अशी त्याची कडक शिस्त होती. १९२४ मध्ये दोघींनी डब्लिनमध्ये एकत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा गावाला ही चित्रे पचली नाहीत.

मध्येच १९२५ मध्ये ईव्ही कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोच्या अँग्लिकन मठात दाखल झाली आणि १९२७ मध्ये तिथून बाहेर पडली. तिची चरित्रे वाचताना हा टप्पा आडवळणासारखा वाटतो. मला मात्र तो मधला सांधा वाटतो. अमूर्त चित्राची शिस्त आणि प्रार्थनेची ओढ या दोन्हींना एकत्र नांदवणारे माध्यम तिला अजून सापडायचे होते.

ते सापडले रंगीत काचेत. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलसारख्या ठिकाणच्या मध्ययुगीन खिडक्यांनी आणि रूओ या फ्रेंच चित्रकाराच्या जाड काळ्या रेषांच्या चित्रांनी तिला खेचले. विल्हेमिना गेडिस ही आयरिश काचचित्रकार तेव्हा लंडनमध्ये फुलहॅमच्या ग्लास हाऊसमध्ये काम करत होती. ईव्ही तिच्याकडे शिकली. बँकेच्या संचालकाची मुलगी, पॅरिसला नावारूपाला आलेली, आणि आता पुन्हा उमेदवारी.

ही उमेदवारी सोपी नव्हे. खिडकीच्या मापाचे रेखाटन कागदावर काढायचे. त्याबरहुकूम एकेक तुकडा कापायचा. काच वितळलेली असतानाच तिच्यात रंग मिसळलेला असतो, म्हणून निळा हवा तर निळीच काच शोधावी लागते. चेहरा, बोटे, कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काचेवर काढून त्या भट्टीत भाजतात. मग हे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाखतात. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या विल्यम वेल्सच्या खिडक्या ज्यांनी जवळून पाहिल्या असतील, त्यांना ही शिशाची काळी पट्टी ठाऊक असेल. उजेड आला की रंग पेटतो आणि पट्टी काळीच राहते. ईव्हीने या पट्टीला लपवले नाही, तिचीच रेषा केली. ग्लेझकडे घोटवलेले सपाट रंग तिथे कामी आले. क्युबिझम सोडून ती काचेकडे वळली असे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

चित्रकार सेरा पर्सरने १९०३ मध्ये डब्लिनमध्ये काढलेल्या ‘अन टूर ग्लिना’ म्हणजे ‘काचेचा मनोरा’ या सामाईक कार्यशाळेत ईव्ही १९३५ च्या सुमारास आली आणि १९४४ मध्ये ती बंद होईपर्यंत तिथे राहिली. १९३७ मध्ये ती कॅथलिक झाली. तिच्या वर्गात हे पाऊल साधे नव्हते.

मग आले न्यूयॉर्कचे १९३९ चे जागतिक प्रदर्शन. आयरिश दालनासाठी सरकारने तिला खिडकी सांगितली. तिने नाव दिले ‘माझी चार हिरवी शेते’. आयरिश कवी येट्सच्या ‘कॅथलीन नी हूलिहान’ नाटकातली म्हातारी आपली चार शेते परक्यांनी बळकावल्याचे गाऱ्हाणे सांगते. ती म्हातारी म्हणजे आयर्लंड आणि शेते म्हणजे त्याचे चार प्रांत. ईव्हीने प्रांतांची चिन्हे खोल हिरव्या-निळ्या-लाल काचेत एकमेकांत गुंतवली. ज्या वर्गाने ती जमीन भोगली त्याच वर्गातल्या मुलीने ही खिडकी घडवावी, हे मला फार मोठे वाटते. आज ती डब्लिनच्या मेरियन स्ट्रीटवरल्या सरकारी इमारतीत आहे.

१९४४ मध्ये मेनी जेलेट गेली. ईव्हीने राथफार्नमला, मार्लीमध्ये, स्वतःची कार्यशाळा थाटली. जेझुइटांच्या टलाबेगच्या महाविद्यालयासाठी तिने १९४६ मध्ये केलेल्या पाच खिडक्या आता डब्लिनच्या मॅनरेसा हाऊसमध्ये आहेत. जुन्या आयरिश मठांतल्या दगडी मूर्तींचे ठसठशीत चेहरे तिच्या या काळातल्या माणसांना आले आहेत.

ईटनच्या खिडकीत वर क्रूसावरचा येशू आणि खाली शेवटचे भोजन आहे. तीनेक वर्षे ती या एका कामाला जुंपलेली होती. १९५२ मध्ये काच जागेवर बसली. इतक्या मोठ्या पटावर एखादा कलावंत तपशिलांनी जागा भरून काढेल. ईव्हीने माणसे मोजकी, डोळे मोठे आणि रेषा राकट ठेवली, म्हणून चॅपेलच्या दुसऱ्या टोकाशी उभ्या असलेल्या मुलालाही ती खिडकी वाचता येते.

१३ मार्च १९५५ ला राथफार्नमच्या चर्चमध्ये पाऊल ठेवताना तिचा मृत्यू झाला. ईटनमधल्या बाजूच्या आठ खिडक्यांना तेव्हा नवी काच मिळायची होती. चित्रकार जॉन पायपरने त्या आखल्या, पॅट्रिक रेनटिन्सने घडवल्या आणि १९६४ पर्यंत त्या पुऱ्या झाल्या. ईव्हीच्या खिडकीच्या उजेडातच त्यांना उभे राहायचे होते.