माप माणसाचे, मोल कारागिराचे

आपल्या गावोगावीच्या पुतळ्यांत बाबासाहेब निळ्या सुटात उभे आहेत. एका हातात संविधान, कोटाच्या खिशाला पेन आणि पायात बूट. या सुटाबुटावरून आपल्याला टोमणे मारणारे लोक कालही होते, आजही आहेत. कचेरीत आपला माणूस चांगला कोट घालून आला की कुणीतरी हसून म्हणतोच, "आज साहेब दिसताय!" आपणही हसतो आणि कामाला लागतो. पण हा सूट मुळात जिथला, तिथे तो शिवतात कसा, कोण शिवतो आणि त्या शिवणाऱ्याला काय मान असतो, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. तो करावा असे एका निमित्ताने आम्हाला वाटले.

आमच्या वस्तीतला एक मुलगा शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकायला गेला. त्याचे वडील शिंपी आहेत. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरातच मशीन मांडले आणि शाळेचे गणवेश, परकर, उसवलेल्या पँटी शिवून तीन मुले वाढवली. मुलगा हुशार, पण कॉलेजात वडिलांचा धंदा विचारला की तो "खाजगी नोकरी" सांगायचा. आम्हाला हे माहीत होते. त्याच्या वडिलांनाही माहीत होते. पण ते कधी बोलले नाहीत.

लंडनच्या मेफेअर भागात सॅव्हिल रो नावाची एक रस्ता आहे असे आपण म्हणू. खरे तर ती एक लहानशी गल्लीच. पण साऱ्या जगातले राजे, मंत्री आणि नट इथे कपडे शिवायला येतात. हेन्री पूल यांनी 1846 मध्ये वडिलांचा व्यवसाय हाती घेतला आणि दुकानाचे तोंड या रस्त्याकडे केले. तेव्हापासून हा रस्ता शिंप्यांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. इथल्या शिलाईला 'बिस्पोक' म्हणतात. गिऱ्हाइकाने ठाणातले कापड पसंत केले की ते त्याच्या नावावर 'बोलून ठेवलेले' असे. त्यावरून हा शब्द आला.

आता या कामाची रीत पाहू. कटिंग मास्तर इंची टेपने वीस-पंचवीस मापे घेतो. पण नुसत्या आकड्यांवर त्याचे भागत नाही. एक खांदा खाली आहे का, पाठीला बाक आहे का, माणूस पोट पुढे काढून उभा राहतो का, हे सारे तो नजरेने टिपतो. मग जाड कागदावर त्या एकाच माणसाच्या अंगाचा नमुना काढतो. तो कागद नाव घालून वर्षानुवर्षे जपून ठेवला जातो. त्यावरून खडूने खुणा करून कापड कापतात आणि पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालून कोट उभा करतात. गिऱ्हाईक पहिल्या ट्रायलला आले की मास्तर तो कच्चा कोट अंगावर चढवून न्याहाळतो, खुणा करतो आणि नंतर सारा कोट उसवून पुन्हा सपाट करतो. अशा बहुधा तीन ट्रायली होतात. सारे मिळून काही महिने सहज जातात.

कोटाच्या छातीत आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बकरम चिकटवतात. तिथे लोकर आणि घोड्याचे केस घालून विणलेले कापड हाताने हजारो बारीक टाके घालून बसवतात. त्यामुळे कोट अंगाचे वळण घेतो आणि धुतल्या-वाळवल्यावर त्याला फुगे येत नाहीत. काजे हातानेच होतात. शिवणीच्या आत जास्तीचे कापड राखून ठेवतात, म्हणजे माणूस जाड झाला तरी कोट फेकावा लागत नाही. कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा, काजे-बटणे करणारा वेगळा. इथल्या शिंप्यांची एक संघटना 2004 मध्ये स्थापन झाली. दोन कपड्यांच्या एका सुटाला किमान पन्नास तास हातकाम झाले पाहिजे, असा तिचा दंडक आहे.

किंमत ऐकून वाचकांनी दचकू नये. असा सूट पाच हजार पौंडांच्या पुढेच जातो, म्हणजे आपले पाच लाखांहून अधिक रुपये! हा श्रीमंतांचा शौक आहे. आपल्यातल्या कुणी तो करावा असे आम्ही सांगत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्या किमतीत दडलेल्या हिशेबाबद्दल. त्यात कापड आहे, दुकानाचे जबर भाडे आहे, मालकाचा नफा आहे. पण शिवणाऱ्या हाताचे तासही मोजून धरलेले आहेत. आपल्याकडे शिंप्याच्या तासांचा हिशेब कोण करतो? कापडाला दोन हजार रुपये निमूट मोजणारा माणूस शिलाईसाठी वीस रुपयांवरून हुज्जत घालतो.

बुटांची गोष्ट तर आपण मुद्दाम वाचावी अशी. जॉन लॉब हा कॉर्नवॉल परगण्यातला मुलगा, पायाने अधू. बूट बनवण्याचे शिकून तो पायी लंडनला आला. पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन त्याने सोन्याच्या खाणीतल्या लोकांसाठी बूट केले आणि 1866 मध्ये लंडनात दुकान थाटले. ते घराणे आजही सेंट जेम्स स्ट्रीटवर बूट बनवते. तिथे गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखतात. त्यावरून एक कारागीर लाकडाचा फर्मा, म्हणजे कालबूत, तासतो. डाव्या पायाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. कारण कुणाचेही दोन पाय सारखे नसतात. मग कातडे कापणारा, वरचा भाग शिवणारा आणि तळ बसवणारा असे निरनिराळे हात लागतात. गिऱ्हाइकांचे फर्मे तळघरात ओळीने जपून ठेवलेले असतात.

लंडनच्या उत्तरेला नॉर्दॅम्प्टन नावाचे शहर आहे. शेकडो वर्षे बूट बनवणे हाच त्याचा मोठा धंदा. त्या शहराच्या संग्रहालयात जुन्या-नव्या पादत्राणांचा प्रचंड संग्रह आहे. आणि तिथल्या फुटबॉल संघाचे लाडके नाव काय, तर 'कॉबलर्स', म्हणजे चांभार! हजारो लोक मैदानात ते नाव अभिमानाने ओरडतात. वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. हाच शब्द आपल्या देशात कशासाठी वापरला गेला? कातडे तेच, आरी तीच, रापी तीच. तिथे त्या हाताने शहराला नाव दिले; इथे तोच हात विटाळाचा ठरला. दोष कातड्यात नव्हता, कामातही नव्हता. दोष जन्मावरून माणसाचे मोल ठरवणाऱ्या धर्मशास्त्रात होता. त्याच मनुस्मृतीने चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत असे सांगितले होते. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ती जाळली गेली. त्याच वेळी बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितले. वस्त्राचा प्रश्न हा नुसता शोभेचा प्रश्न नव्हे, हे ते ओळखून होते.

इंग्लंडात सारे गोड होते असेही कुणी समजू नये. 1363 साली तिथेही कायदा झाला होता की कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड वापरावे. असे कायदे 1604 मध्ये रद्द झाले. शिंप्यांची पिळवणूकही कमी नव्हती. पूर्व लंडनमधले ज्यू शिंपी कोंदट खोल्यांत रात्रंदिवस राबत. 1889 मध्ये त्यांनी संप केला. त्यांची मागणी काय होती? कामाचा दिवस बारा तासांचा करा आणि जेवायला एक तास सुट्टी द्या! 1912 मध्ये पश्चिम लंडनच्या शिंप्यांनी संप केला तेव्हा पूर्वेचे गरीब शिंपी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दरम्यान 1909 मध्ये पिळवणुकीच्या धंद्यांत किमान मजुरी ठरवणारा कायदा तिथे झाला, आणि त्यातल्या पहिल्या चार धंद्यांत तयार कपड्यांचे शिवणकाम होते. आपल्या देशात किमान वेतनाचे विधेयक 1946 मध्ये मांडले गेले, तेव्हा मजूरमंत्री कोण होते हे आम्ही वेगळे सांगायला नको.

रंगाचा भेदही होता. त्रिनिदादहून आलेले अँड्र्यू रामरूप या शिंप्याने 1988 मध्ये सॅव्हिल रोवरचे एक दुकान आपल्या मालकीचे केले आणि 2008 मध्ये तरुणांना हा धंदा शिकवणारी शाळा काढली. घाना देशातून आलेल्या आईबापांचा मुलगा ओझवाल्ड बोटेंग यानेही तिथे नाव काढले. 2016 मध्ये कॅथरीन सार्जंट या बाईने त्याच रस्त्यावर स्वतःचे दुकान उघडले. बाईचे असे ते पहिलेच. दार आपणहून कुणी उघडत नाही. विद्येने आणि हुन्नराने उघडावे लागते.

आता आमच्या त्या मुलाकडे वळू. एका संध्याकाळी तो सॅव्हिल रोवरून चालला होता. तिथल्या दुकानांची तळघरे रस्त्यावरून दिसतात. त्याने खाली वाकून पाहिले. दिव्याखाली एक म्हातारा कारागीर पाटावर मांडी घालून, बोटात अंगुस्तान चढवून कॉलरला टाके घालत होता. मुलगा बराच वेळ उभा राहिला. मग त्याने घरी फोन लावला आणि म्हणाला, "बाबा, इथले शिंपीपण तुमच्यासारखेच मांडी घालून बसतात." वडील म्हणाले, "मग कशी बसणार कॉलर? मांडीवर घेतल्याशिवाय वळण येत नाही तिला." थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, "मी आल्यावर माझा कोट तुम्हीच शिवा."

वडिलांनी हे आम्हाला सांगितले तेव्हा मशीनचे चाक थांबवून त्यांनी डोळे पुसले.

तेव्हा समाजबांधवांनो, लग्नसराईत कर्ज काढून चकचकीत सूट आणू नका. चार-सहा महिने आधी वस्तीतल्या आपल्या शिंप्याकडे जा. साधे पण खरे कापड घ्या. दोन ट्रायली मागा, आत जास्तीचे कापड सोडायला सांगा आणि शिलाईत घासाघीस करू नका. मुलगा किंवा मुलगी शिवणकाम, चर्मकाम शिकते म्हणाली तर नाक मुरडू नका. मात्र शाळा सोडून नव्हे, शाळा शिकून. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. ज्या कामाने कुणाचे नुकसान होत नाही, ते काम करणाऱ्या हाताला खाली पाहायला लावणे हा बुद्धाचा धम्म नव्हे.

तो मुलगा पुढच्या उन्हाळ्यात परत येणार आहे. वडिलांनी आतापासूनच निळे कापड आणून ठेवले आहे. माप तेवढे घ्यायचे बाकी आहे.

जयभीम!