पास्तेल : सेनेगलची मासळीची करंजी

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात रस्तोरस्ती बायका 'पास्तेल' तळून विकतात. शब्द मूळचा पोर्तुगीज, आकार आपल्या करंजीचा, सारण मात्र मासळीचे. थोडी मासळी अनेकांना पुरवणारा हा पदार्थ आपण घरी करून पाहू.

पाव किलो मैद्यात एक अंडे, दोन चमचे तेल, मीठ व लागेल तसे पाणी घालून घट्ट पीठ मळावे व अर्धा तास झाकून ठेवावे. पाव किलो मासळी उकडून, बोटांनी चाचपून सर्व काटे काढावेत. कांदा, लसूण, मिरी, मिरची व कोथिंबीर (तिकडे पार्सली) घालून ती परतावी. पाणी पूर्ण आटू द्यावे आणि सारण गार करावे.

खरी मेख इथेच आहे. ओल्या सारणाने पारी फाटते व उकळते तेल अंगावर उडते. म्हणून सारण बेताचे भरावे, कडा पाण्याने चिकटवून नीट दाबाव्यात आणि मध्यम आचेवर तळावे. सोबत टोमॅटो-कांद्याचा तिखट रस्सा द्यावा.

मुलांनो, लाटणे-भरणे तुमच्याकडे; कढईजवळ मात्र मोठ्यांनीच उभे राहावे.