पत्रद्वारा बुद्धिबळ
प्रतिस्पर्धी समोरासमोर न बसता, खेळ्या पत्राने वा आंतरजालाद्वारे एकमेकांस कळवून खेळला जाणारा बुद्धिबळाचा प्रकार. लंडन व एडिंबरो येथील मंडळांमधील सामना (१८२४–२८) हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. प्रत्येक खेळीस अनेक दिवस मिळतात आणि खेळाडूवर देखरेख ठेवता येत नाही. म्हणून पटावरील स्पर्धेत निषिद्ध असलेली पुस्तके व टिपणे यात ग्राह्य मानतात. संगणकाबाबत मात्र नियम भिन्न आहेत. आंतरराष्ट्रीय पत्रद्वारा बुद्धिबळ महासंघ (स्थापना १९५१) संगणकीय विश्लेषणास मुभा देतो. परिणामी त्याच्या वरच्या दर्जाच्या स्पर्धांत बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. चेस.कॉम व लीचेस या संकेतस्थळांवरील दीर्घ मुदतीच्या डावांत प्रारंभिक खेळ्यांचे संग्रह पाहता येतात. परंतु चालू डावात संगणकाकडून खेळी काढून घेणे ही फसवणूक ठरते. तेव्हा डाव सुरू करण्यापूर्वी तेथील नियम पाहणे आणि कोणी पाहत नसतानाही तो पाळणे, हाच या खेळातील सचोटीचा आधार होय.