रविवारचा कुकर, आठवडाभराची उसळ

रोजच्या ताटातलं शास्त्र : लेखांक ७

कडधान्य भिजताना आणि त्याला मोड येताना दाण्याच्या आत काय घडतं, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आज त्यापुढचा प्रश्न घेऊ. एकदम जास्त कडधान्य शिजवून ते फ्रीजरमध्ये साठवावं का? माझं मत आधीच सांगते : जरूर साठवावं. आठवड्यातून दोन-तीनदा उसळ व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं, पण होत नाही, कारण आदल्या रात्री भिजत घालायचं राहून जातं. बुधवारी छोले हवे असतील तर ते मंगळवारी रात्री ठरवावं लागतं, आणि हे ठरवणं बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यात असतं. शिजलेल्या दाण्यांचं पाकीट फ्रीजरमध्ये तयार असलं की तो भार हलका होतो आणि उसळ घरातलं कोणीही फोडणीला टाकू शकतं.

‘म्हणजे शिळंच की!’ हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. शिळं अन्न टाळण्याची आपली सवय उष्ण हवेच्या अनुभवातून आली आहे आणि ती योग्यच आहे. अन्न बिघडतं ते त्यात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे. उणे १८ अंश सेल्सिअसला ही वाढ थांबते. मात्र जिवाणू मरत नाहीत. अन्न ज्या अवस्थेत आत गेलं त्याच अवस्थेत बाहेर येतं, फ्रीजर त्याला सुधारत नाही. म्हणून सगळा भर द्यायचा तो आत ठेवण्याआधीच्या दोन-तीन तासांवर.

आधी शिजवण्याबद्दल. साठवायचं ते फक्त शिजलेलं कडधान्य, तयार उसळ नव्हे. दाण्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं, तेव्हा दाणा मऊ होतो. आंबट पदार्थात ते नीट विरघळत नाही. त्यामुळे चिंच, आमसूल, टोमॅटो आधी पडला तर दाणा दडदडीत राहतो. कॅल्शियमनेही तेच होतं, म्हणून बोअरवेलच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. भिजवतानाच पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. खाण्याच्या सोड्यानेही दाणा पटकन शिजतो, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि गोठवून बाहेर काढल्यावर अशा दाण्यांचा लगदा होतो. साठवणीच्या कडधान्यात सोडा नकोच.

जुन्या मालाबद्दलही सांगायला हवं. उष्ण, दमट जागी वर्षभर पडून राहिलेलं कडधान्य भिजतं, पण शिजत नाही, कितीही शिट्ट्या दिल्या तरी. भिजल्यावर न फुगलेले गणंग तेवढे वेचून काढता येतात, पण सगळाच माल जुना असेल तर काही उपाय चालत नाही. मोठ्या प्रमाणावर शिजवायचं असेल तर नवा माल आणा आणि मूठभर शिजवून पाहा.

शिजलं की नाही हे ओळखायला एक छोला अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. साल शाबूत राहून आतला गर लोण्यासारखा पसरला पाहिजे. मध्ये खडबडीत कण लागला तर अजून पाच मिनिटं द्या. फुटून साल वेगळं झालं असेल तर तो घाणा त्याच दिवशी खाऊन टाका. गोठताना पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशीभित्ती आणखी फाटतात. आधीच फुटलेला दाणा त्यात टिकत नाही.

राजम्याबद्दल मात्र कडक राहा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्च्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात आणि त्रास एक ते तीन तासांत सुरू होतो. निदान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. उघड्या पातेल्यात असेल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला तीस मिनिटं खळखळून उकळण्याचा आहे. आपल्या प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने तिथे काळजी नाही. धोका मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या स्लो कुकरमध्ये आहे. ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी ठरू शकतो. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. गोठवल्याने हे विष जात नाही. नुसता भिजवलेला राजमा गोठवला असेल तर तोही पुढे पूर्ण शिजवायलाच हवा.

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा, निववणं. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. कुकर रात्री तसाच ओट्यावर राहतो आणि सकाळी डबे भरले जातात. बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूंचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. ६० अंशांच्या खाली कोमट होत जाणाऱ्या, घट्ट, पिष्टमय कडधान्यात ते जागे होतात आणि झपाट्याने वाढतात. बॅसिलसच्या काही प्रकारांचं विष तर पुन्हा उकळलं तरी टिकतं. ‘नंतर गरम करूच की’ या भरवशावर राहून चालत नाही, ते यामुळेच.

करायचं ते सोपं आहे. कुकरची वाफ उतरली की दाणे चाळणीवर निथळून परातीत पसरा. खालचं पाणी टाकू नका, ते वेगळ्या पातेल्यात घ्या. परात पंख्याखाली, जमल्यास दुसऱ्या परातीतल्या गार पाण्यावर ठेवा. हात लावून गार लागले की लगेच डबाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांत हे उरकलं पाहिजे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे तर एकाच तासात, कारण हवा ३२ अंशांच्या वर गेली की मुदत निम्मी धरतात.

भरताना पाकीट चपटं करा, दोन बोटांपेक्षा जाड नको. अर्धा किलो कोरडे छोले शिजून सव्वा किलोच्या जवळपास जातात. चौघांच्या घरात त्याची तीन पाकिटं होतात, एकेक पाकीट एका वेळच्या भाजीला. दाणे बुडतील एवढंच निवलेलं पाणी वर घाला, म्हणजे ते सुकत नाहीत आणि उसळीला रस्साही मिळतो. हवा काढून तोंड बंद करा आणि पाकीट स्टीलच्या ताटावर आडवं ठेवा. स्टीलमधून उष्णता लवकर निघून जाते. जितकं लवकर गोठेल तितके स्फटिक बारीक आणि दाणा शाबूत. डब्यात भरणार असाल तर वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. काचेच्या बरण्या याच कारणाने तडकतात. पाकिटावर नाव आणि तारीख लिहा. गोठल्यावर चवळी आणि मटकी सारखीच दिसतात.

वालाची गोष्ट वेगळी आहे आणि मला विचाराल तर फ्रीजरचा खरा उपयोग तिथेच आहे. रायगड-ठाण्याकडच्या घरांत बिरडं म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा. बोटांच्या चिमटीत दाबला की दाणा सालातून सुळकन बाहेर येतो, पण किलोभर सोलेपर्यंत बोटांची सालं निघतात. श्रावणात हे काम करणाऱ्या बायकांनी एकाच दुपारी दुप्पट सोलून घ्यावेत. सोललेले वाल न शिजवता, कोरडे करून, ताटात सुटे पसरून गोठवा आणि कडक झाले की पिशवीत भरा. एकमेकांना चिकटत नाहीत, हवे तेवढे मुठीने काढता येतात. मोडाची मटकी मात्र गोठवण्याआधी मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढावी. नाहीतर तिच्यातली विकरं काम करत राहतात आणि चव उतरते.

दुहेरी दाराच्या फ्रीजमध्ये किंवा वेगळ्या डीप फ्रीजरमध्ये ही पाकिटं दोन-तीन महिने उत्तम राहतात. एकदारी फ्रीजचा वरचा कप्पा उणे १८ राखेलच असं नाही, तिथे दोन-तीन आठवड्यांत संपवा. वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला डीप फ्रीजर बंद राहिला तर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास.

वापरताना पाकीट सकाळपासून ओट्यावर काढून ठेवू नका. नळाखाली क्षणभर धरलं की वडी सुटते. ती थेट फोडणीत सोडा आणि खळखळून उकळी येऊ द्या. आता आमसूल, टोमॅटो हवं तेव्हा घाला, दाणा आधीच शिजलेला आहे.

सुरुवात छोल्यांपासून करा. गोठून सुटल्यावर त्यांचा आकार सर्वांत चांगला टिकतो. मूग आणि मसूर गोठवण्याच्या भानगडीत पडू नका, ते न भिजवताही अर्ध्या तासात शिजतात.