रोलमधली शेवटची फ्रेम

गुडघे टेकून बसलेला जिमी हेंड्रिक्स आणि समोर पेटलेली गिटार. रॉकप्रेमींनो, हा फोटो तुम्ही पाहिलेला असणारच! तो काढणारा एड कॅराएफ तेव्हा १७ वर्षांचा शाळकरी पोरगा होता. १८ जून १९६७, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरे पॉप फेस्टिव्हल. पठ्ठ्या स्टेजला खेटून खुर्चीवर उभा होता. ज्वाळा उठल्या तेव्हा रोलमध्ये एकच फ्रेम उरलेली. मूळ फोटो कृष्णधवल. रंग भरलेली आवृत्ती पुढे ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर झळकली. (त्याच दुपारी तिथे पंडित रविशंकर आणि अल्लारखाँ वाजवून गेले होते. काय दिवस असेल!)

फोटोग्राफर जिम मार्शलही लायका कॅमेरा घेऊन तिथेच होता. स्टेजवर, बॅकस्टेजला पूर्ण मोकळीक द्या, नाहीतर काम करणार नाही, असा त्याचा खाक्या. आज मोठ्या कॉन्सर्टमध्ये फोटोग्राफरला बहुधा पहिली तीन गाणी मिळतात, तीही फ्लॅशविना. मला विचाराल तर मार्शलचे गाण्याआधीचे, निवांत फोटो त्या आगीपेक्षा सरस आहेत. २०१४ मध्ये त्याला मरणोत्तर ग्रॅमी ट्रस्टीज अवॉर्ड मिळालं.