नाकारलेल्या मुलांची नोंद

९ ऑक्टोबर २०१७. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा सामना कोलंबियाशी सुरू होता. ८२व्या मिनिटाला भारताला कॉर्नर मिळाला आणि जीक्सन सिंग या मणिपुरी मुलाने झेप घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातील भारताचा हा पहिलाच गोल. सामना भारताने २-१ असा गमावला, पण गोल लोकांच्या स्मरणात राहिला.

त्यामागचा योगायोग मात्र फारसा कोणी लक्षात ठेवला नाही. राष्ट्रीय संघाच्या आधीच्या निवडीत जीक्सनला स्थान मिळाले नव्हते. पुढे त्याच्या अकादमीच्या संघाने एका सराव सामन्यात राष्ट्रीय संघालाच हरवले, तेव्हा नव्या प्रशिक्षकांचे लक्ष त्या मुलांकडे गेले. तो सराव सामना झालाच नसता, तर? ज्यांच्या वाट्याला असा दुसरा सामना कधी आलाच नाही, अशी किती मुले आज कुठे आहेत, हे सांगणारी कोणतीही यादी आपल्यापुढे नाही. प्रतिभाशोधाच्या भारतीय व्यवस्थेतील खरी उणीव हीच आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पाहून तो विशीत कसा खेळेल, हे सांगणे मुळातच अवघड. त्यात पहिली अडचण वयाची. वयोगटाची सीमारेषा १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. चौदा वर्षांच्या आयुष्यात जवळपास एका वर्षाचा फरक म्हणजे सुमारे सात टक्के. मोठा मुलगा अधिक उंच, अधिक वेगवान असतो. निवडणाऱ्याला तो अधिक गुणी वाटतो. निवड झाली की त्याला चांगले प्रशिक्षण, चांगले मैदान, चांगले प्रतिस्पर्धी मिळतात आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. आधीचा भ्रम असा स्वतःच स्वतःला खरा करून दाखवतो. कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास करून मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच हे दाखवून दिले. पुढे फुटबॉलसह अनेक खेळांत तेच आढळले.

भारतात या अडचणीला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे जन्मतारीख ही अनेकदा वस्तुस्थिती नसून सोय असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही तारीख महाराष्ट्रातील कित्येक घरांना परिचित आहे. त्यात कुठे अज्ञान असते, तर कुठे वय चोरण्याचा उघड हेतू. वयचोरीला आळा घालण्यासाठी केंद्राने राष्ट्रीय संहिता केली आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवण्याची ‘टीडब्ल्यू ३’ पद्धत आपल्या क्रीडाक्षेत्रात रूढ झाली. फिफाने सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी २००९ पासून मनगटाचे एमआरआय सुरू केले.

तथापि हाड जन्मतारीख सांगत नाही. ते शरीर किती पक्व झाले आहे एवढेच सांगते. निरोगी मुलांतही हाडांचे वय आणि खरे वय यांत वर्षभराची तफावत सहज आढळते. कुपोषणामुळे हाडांची वाढ मंदावते, हेही वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. परिणामी लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगा अपात्र ठरू शकतो आणि उशिरा वाढलेला, वय लपवणारा मुलगा चाचणीतून सहीसलामत सुटू शकतो. २०२३ च्या कायदा दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्राला निर्णायक महत्त्व दिले, हे स्वागतार्हच. पण ती मुले चौदा वर्षांची होतील २०३७ मध्ये. तोवर मनगटाच्या चित्रावरच भिस्त ठेवावी लागणार असेल, तर तिच्या मर्यादाही उघडपणे मान्य करायला हव्यात.

दुसरी अडचण नजरेची. २०१७ च्या त्या २१ जणांच्या संघात आठ मुले मणिपूरची होती. २०११ च्या जनगणनेनुसार मणिपूरची लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास, म्हणजे देशाच्या पाव टक्क्याहूनही कमी. गावोगावी खेळला जाणारा फुटबॉल आणि स्थानिक क्लबांची परंपरा हे त्या राज्याचे श्रेय आहे आणि ते त्याला द्यायलाच हवे. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्याच संघात होता. पेठापेठांतून फुटबॉल जपणाऱ्या शहरातून तो यावा, यात नवल नाही. पण उरलेल्या विशाल प्रदेशात गुणवत्ता नाही, की तिथे पाहायला कोणी गेलेच नाही? नुसत्या संघयादीवरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. निवडणारा जिथे जातो, तिथेच त्याला गुणवत्ता सापडते.

अशाच पेचाला अमेरिका वेगळ्या रीतीने सामोरी जाते. तिथला फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. पण शालेय खेळाडूंना विद्यापीठांच्या संघांत घेण्याची स्पर्धा एवढी तीव्र की, त्यांची प्रतवारी करणे हाच एक व्यवसाय झाला आहे. सुमारे दहा लाख शालेय खेळाडूंतून पुढे येणाऱ्यांना ‘तारे’ दिले जातात. पंचतारांकित ठरतात ते वर्षाला जेमतेम तीसेक. या पद्धतीवर आक्षेप पुष्कळ आहेत. पैसे आणि वेळ खर्चून शिबिरांना जाऊ शकणारा मुलगा परीक्षकांच्या नजरेत भरतो, आडगावचा राहून जातो. एखाद्या नामांकित विद्यापीठाने मुलात रस दाखवला की त्याचे तारे वाढतात, आणि तारे वाढले म्हणून इतर विद्यापीठे धावतात, असेही टीकाकार म्हणतात. चुकाही ठळक आहेत. कॅलिफोर्नियातील फायरबॉ या छोट्या शेतीप्रधान गावातल्या जॉश ॲलनला शाळा संपताना एकही तारा नव्हता. पुढे तो तिथल्या व्यावसायिक लीगमधील अव्वल क्वार्टरबॅकपैकी एक ठरला. द्वितारांकित जे. जे. वॉट तीन वेळा लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

मग ही प्रतवारी निरर्थक म्हणायची का? तसेही नाही. पंचतारांकित मुलांपैकी व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण त्रितारांकितांच्या तुलनेत कितीतरी अधिक असते. म्हणजे समूहाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर आणि व्यक्तीचा अनेकदा चूक, असे हे साधन आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, हे आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण कोणत्या मुलाला कोणत्या वर्षी किती तारे होते, हे जाहीर आहे. कमी तारे मिळालेल्यांचीही नोंद आहे. म्हणूनच परीक्षकांचीही परीक्षा होऊ शकते.

आपल्याकडे अशी परीक्षा घेण्याची सोय नाही. सार्वजनिक व्यवहारात दिसते ती फक्त निवडलेल्यांची यादी. चाचणीला किती मुले आली, कोणत्या जिल्ह्यांतून आली, कोणत्या महिन्यांत जन्मलेली होती, कोणत्या निकषावर नाकारली गेली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे सारे अंधारात राहते. प्रश्न केवळ न्यायाचा नाही, सार्वजनिक पैशाचाही आहे. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ‘खेलो इंडिया’च्या सुधारित आराखड्यात दरवर्षी निवडलेल्या १,००० खेळाडूंना आठ वर्षे वार्षिक ५ लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद होती, म्हणजे एका मुलामागे ४० लाख. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘कीर्ती’ उपक्रमात ९ ते १८ वयोगटातील मुलांची चाचपणी माहिती-तंत्रज्ञानाच्या आधारे करण्याचा मानस आहे. परंतु संगणकाला जुन्या निवडींचीच शिकवण दिली, तर जुने पूर्वग्रह तो अधिक वेगाने आणि अधिक आत्मविश्वासाने गिरवील.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक चाचणीनंतर उमेदवारांची जिल्हानिहाय व जन्मतिमाहीनिहाय आकडेवारी, नावे वगळून, प्रसिद्ध करावी. एकाच मुलाला दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता गुण द्यावेत. त्यांच्यात वारंवार तफावत पडत असेल, तर दोष निकषांत आहे हे उमगेल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील अकादमींनी शारीरिक पक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. बेल्जियमने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे युवा संघ उभारले. हे प्रयोग आपल्या राज्य संघटनांनाही करता येतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नाकारलेल्या मुलाला दोन वर्षांनी पुन्हा चाचणी देण्याचा हक्क नियमाने मिळावा. त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीवर विसंबण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

निवडीत चुका होणारच. चौदाव्या वर्षी कोणाचेही भविष्य अचूक वाचता येत नाही. पण जी व्यवस्था आपल्या चुकांची नोंदच ठेवत नाही, तिला त्यांतून काही शिकताही येत नाही. जीक्सनला दुसरी संधी मिळाली ती एका सराव सामन्यामुळे. देशाच्या क्रीडा धोरणाने तेवढ्यावर समाधान मानू नये.