नंबर काढणारा आणि काच बसवणारा

नागपुरात सीताबर्डी, सदर, धरमपेठ किंवा इतवारी या भागांतील चष्म्याच्या दुकानांवर ‘कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील’ अशा पाट्या सर्रास दिसतात आणि बहुसंख्य नागरिकांचा नेत्रसेवेशी पहिला संबंध रुग्णालयात नव्हे तर या दुकानांतच येतो. तरीही काउंटरमागे बसलेल्या माणसाने काय शिकलेले असावे, हा प्रश्न ग्राहक सहसा विचारत नाही आणि कायद्यानेही तो फार उशिरा विचारला.

या क्षेत्रात तीन वेगवेगळ्या भूमिका आहेत, पण बोलताना त्यांची सरमिसळ होते. नेत्रतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर नेत्रविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असून निदान, औषधोपचार आणि शस्त्रक्रिया हे त्याचे काम असते. ऑप्टोमेट्रिस्ट हा दृष्टीची तपासणी करून चष्म्याचा नंबर ठरवणारा आणि आजाराची शंका आल्यास रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणारा पदवीधर व्यावसायिक असतो. ऑप्टिशियन, म्हणजे लोकांच्या भाषेतला चष्मेवाला, लिहून दिलेल्या नंबरानुसार काच निवडतो, ती फ्रेममध्ये बसवतो आणि चष्मा चेहऱ्यावर नीट बसेल अशी व्यवस्था करतो. प्रत्यक्षात अनेक दुकानांत शेवटची दोन्ही कामे एकच व्यक्ती करते आणि तिचे शिक्षण बरेचदा वडिलांच्या किंवा मालकाच्या हाताखाली झालेले असते.

असे शिक्षण कुचकामी असते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण कित्येक जुन्या कारागिरांचा हात पदवीधरांनाही हेवा वाटावा इतका सफाईदार असतो. अडचण एवढीच की चांगला हात आणि कच्चा हात यांतला फरक ग्राहकाला ओळखता येत नाही. एक उदाहरण पाहावे. दोन्ही बाहुल्यांच्या मध्यबिंदूंतील अंतराला पीडी म्हणतात आणि प्रत्येक काचेचे प्रकाशीय केंद्र त्या-त्या बाहुलीसमोर यावे लागते. उणे चार नंबर असलेल्या व्यक्तीची पीडी ६० मिलिमीटर असताना काचांची केंद्रे ६६ मिलिमीटर अंतरावर बसवली गेली, तर प्रत्येक डोळ्यासमोर तीन मिलिमीटरचा फरक राहतो. सेंटिमीटरमधील हा फरक नंबराने गुणला की दर डोळ्याला १.२ आणि एकूण २.४ प्रिझम डायॉप्टर इतका अनावश्यक प्रिझम तयार होतो. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर प्रतिमा एक सेंटिमीटर सरकणे. हा फरक भरून काढण्यासाठी डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ताण द्यावा लागतो, जो त्यांना मुळातच फारसा झेपत नाही. नंबर अचूक असूनही डोके दुखते, आणि दोष मात्र नंबर काढणाऱ्याच्या माथी मारला जातो. तिरक्या वक्रतेसाठी दिल्या जाणाऱ्या सिलिंडर नंबराचेही तसेच आहे: त्याचा अक्ष दहा अंशांनी चुकला तर सुमारे एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो आणि तीस अंशांनी चुकला तर चष्मा असून नसल्यासारखा होतो.

तपासणीच्या यंत्राबाबतही असाच गैरसमज आहे. पाटीवरचा ‘कॉम्प्युटर’ म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटर. तो नंबराचा अंदाज देतो, अंतिम नंबर नव्हे. लहान मुले यंत्रात पाहताना डोळ्याच्या भिंगाचा जोर लावतात, त्यामुळे यंत्र उणे नंबर प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकते, आणि म्हणूनच मुलांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून तपासणी करण्याची गरज पडते, जे काम दुकानाचे नव्हे.

गरज किती मोठी आहे, हे नागपूरजवळच्याच एका अभ्यासावरून कळते. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरील आठ गावांत सूरज आय इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हे सर्वेक्षण झाले. त्यात तिशीच्या पुढच्या ४७११ ग्रामस्थांची तपासणी झाली आणि सुमारे १७ टक्के लोकांत अर्ध्या नंबराहून अधिक ऱ्हस्वदृष्टी आढळली. चाळिशीच्या चष्म्याची गरज याहून वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लांबचे पाहण्यासाठी चष्मा लागणाऱ्यांपैकी जगात केवळ ३६ टक्के लोकांना योग्य चष्मा मिळालेला आहे; या मोजणीत नुसता चष्मा असणे पुरेसे धरलेले नाही, त्याने नीट दिसले पाहिजे, आणि इथेच काच बसवणाऱ्याचे कौशल्य हिशेबात येते.

भारतात चार वर्षांचा ऑप्टोमेट्री अभ्यासक्रम १९८५ मध्ये चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीत सुरू झाला, परंतु देशपातळीवर वैधानिक चौकट यायला २०२१ साल उजाडले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ या दर्जासाठी किमान ३६०० तासांची पदवी आणि ‘सहयोगी’ दर्जासाठी किमान २००० तासांची पदविका किंवा पदवी अशी अट घातली. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापन कराव्यात असे त्यात म्हटले होते. ते रेंगाळल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. कायद्याच्या परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्र सहायक आणि दृष्टी तंत्रज्ञ यांचा उल्लेख आहे. ऑप्टिशियनचा स्वतंत्र उल्लेख नाही.

ही उणीव किरकोळ नाही. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने जनरल ऑप्टिकल कौन्सिल स्थापन झाली आणि तिच्या नोंदवहीत नंबर काढणाऱ्याबरोबर चष्मा देणाऱ्यालाही जागा मिळाली; तिथे सोळा वर्षांखालील मुलाचा चष्मा नोंदणीकृत व्यावसायिकाकडून किंवा त्याच्या देखरेखीखालीच दिला जातो. भारतात मात्र फ्रेम घरबसल्या मागवता येते, मोठ्या साखळी दुकानांची स्पर्धा वाढते आहे आणि काच घासणारी यंत्रे स्वयंचलित झाली आहेत. या रेट्यात केवळ विक्रीवर उभे असलेले दुकान टिकणे कठीण आहे. उलट प्रोग्रेसिव्ह काचेची उंची चेहऱ्यावर मोजणे, जड नंबराला योग्य फ्रेम सुचवणे, मुलाच्या नाकाच्या ठेवणीनुसार चष्मा बसवणे ही कामे शिकलेल्या माणसाला मागणी राहील. त्यासाठी सध्या दुकानांत काम करणाऱ्यांना सरसकट अपात्र ठरवण्याऐवजी परीक्षा आणि अल्पकालीन अभ्यासक्रमाद्वारे पात्र होण्याची संधी द्यायला हवी. नाहीतर गडचिरोली-चंद्रपूरच्या तालुक्यांत, जिथे ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याखेरीज दुसरे कोणी क्वचितच असते, चष्मा आठवडी बाजारातल्या तयार ढिगातूनच घेतला जाईल.

नियम येतील तेव्हा येतील. तोवर वाचकांनी नवा चष्मा हाती घेताना दोन गोष्टी मागून घ्याव्यात: काचांचा नंबर आणि अक्ष लेन्सोमीटरवर समोर तपासून दाखवणे, आणि पीडीचा आकडा कार्डावर लिहून देणे.